दोन तीव्रता

बुधवारी सकाळी पावणेदहाला भामाबाईंचा फोन आला, तेव्हा प्रेरणा ऑफिसात येऊन नुकतीच टेकली होती. ऑफिस म्हणजे पुंडलिकनगरातल्या एका घराचा वरचा मजला. खाली घरमालक, वर पाच टेबलं आणि सात माणसं. तिथं बसून ही माणसं बारा गावांच्या पाणीयोजना चालवणारा प्रोग्रॅम सांभाळत होती. टाकीत पाणी चढताना त्यात क्लोरीनचं औषध मिनिटाला किती सोडायचं, ते हा प्रोग्रॅम ठरवायचा आणि तिथल्या लहानशा पंपाला हुकूम द्यायचा. औषध सोडण्याचा सगळा भाग प्रेरणानं एकटीनं लिहिलेला होता. त्याला तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षांत एकदाही तक्रार नव्हती.

"ताई, पाणी लई वास मारायलंय," भामाबाई म्हणाल्या. "नळीत तपासायच्या औषधाचे थेंब टाकले तर पिवळं व्हायच्या जागी लालभडक झालं. लोकांना उलट्या व्हायल्यात. शाळेतली लेकरं बी हायत."

भामाबाई कुंभारपिंपरीच्या जलसुरक्षक. पाचोडच्या पुढं आत गेलं की हे गाव लागतं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, नऊ वर्षं गावाचं पाणी सोडत होती. रोज सकाळी नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन तपासायची आणि फिकट पिवळा रंग आला की वहीत टिंब करायची.

प्रेरणा खुर्ची पुढं ओढत म्हणाली, "किती जणांना?"

"सोळा जण पाचोडला नेलेत जीपनं. आणिक निघायलेत."

"पाणी बंद केलं का?"

"कवाच केलं. वास आला की लगेच कॉक फिरवला. पर निम्म्या गावानं भरलं व्हतं ना."

प्रेरणानं फोन कानाशी धरूनच कुंभारपिंपरीची नोंद उघडली. पाण्याचा वेग ठीक होता. औषधाची तीव्रता दहा टक्के दिसत होती, म्हणजे जशी हवी तशीच. लाल खूण कुठंच नव्हती.

"मावशी, ड्रममध्ये औषध किती शिल्लक आहे?"

"तेच तर सांगायले. ड्रम कोरडा हाय, बाहेरनं ठोकून बघितला. सोमवारी भरला व्हता. आठ दिस पुरतो."

प्रेरणाच्या डोक्यात खटकन उत्तर जुळलं. आठ दिवसांचं औषध दोन दिवसांत संपलं, मशीनची नोंद बरोबर, मग ते औषध गेलं कुठं? कुणीतरी टाकीत ओतलं. आणि टाकीवर जाणारं माणूस एकच होतं.

"मावशी, खरं सांगा, मी रागावणार नाही. औषध हातानं ओतलंत का? चुकून?"



"मी कशाला वतू?" भामाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात अतुल सर केबिनमधून बाहेर आले. कंपनी त्यांची. त्यांच्या हातात फोन होता आणि चेहरा उतरलेला होता. सरपंच रामकिसन शेळके पाणी समितीच्या ग्रुपवर विचारत होते, मशीन बिघडलंय का, ताबडतोब कळवा. प्रेरणानं सरांना नोंद दाखवली. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि म्हणाले, "लिहून टाक. तुझ्याच नावानं लिही, म्हणजे तांत्रिक माणसाचा शब्द राहील."

प्रेरणानं लिहिलं: "यंत्राची नोंद तपासली. तीव्रता १० टक्के, योग्य. यंत्रात दोष नाही. औषध हाताळण्यात चूक झालेली दिसते."

चार वाक्यं. लिहायला मिनिटभरही लागलं नाही.

दुपारपर्यंत ती आजारी माणसांचीच चौकशी करत होती. आकडा एकतीसवर गेला. दोन वर्षांच्या एका मुलीला सलाइन लावलं होतं, पण धोका टळला असं डॉक्टर म्हणाले होते. प्रेरणानं डबा उघडला आणि तसाच मिटला.

दोन वाजता भामाबाईंचा पुन्हा फोन आला. सकाळी त्या घाबरलेल्या होत्या. आता त्यांच्या आवाजात कसलाच चढउतार नव्हता.

"ताई, तुमचा निरोप वाचून दाखवला मला. पारावर, समद्या गावासमोर. दोनदा वाचला."

भामाबाई थांबल्या नाहीत.

"सरपंचानं टाकीच्या किल्ल्या घेतल्या माझ्याकडून. उद्या सभेत कायमचं काढणार म्हणत्यात. ते जाऊ द्या. पर तिथं एक जण म्हणला, ह्यांच्या हातात पाणी दिलंच कशाला? कुणी त्याला गप बस म्हणलं नाय, ताई. नऊ वर्सं माझ्या हातचं पाणी पिले, आन आज म्हणत्यात बाटवलं."

प्रेरणा स्वतः पाचोडकडचीच, शेतकऱ्याच्या घरची. भामाबाई बौद्धवाड्यातल्या. "ह्यांच्या" म्हणजे कुणाच्या, हे तिला कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती. असल्या बोलण्याचा सूर ती लहानपणापासून ओळखत होती. आपण लिहिलेली चार वाक्यं नेमकी कुठं जाऊन पडली, हे तिला आत्ता कळलं.

"मावशी, मी तसं कधीच..."

"तुम्ही तसं म्हणला नाय. मला ठावं हाय. पर एक इचारते. ड्रमाला कुलूप हाय. किल्ली सरपंचाच्या घरी असती, माझ्याकडं नाय. सोमवारी त्येंच्यासमोर भरला, त्येंनीच कुलूप लावलं. ते कुलूप आज सकाळी तसंच व्हतं. मग मी वतलं कसं, ते तेवढं सांगा."

फोन बंद झाला.

प्रेरणानं फोन टेबलावर ठेवला. कुलूप. ड्रमला कुलूप होतं. तिनं तीन वर्षांत दोनदा तो ड्रम पाहिला होता आणि कुलूपही पाहिलं होतं. मग बंद ड्रममधून औषध बाहेर पडायला वाट एकच उरत होती. पंपाची. आणि पंप कुणाच्या हुकमानं चालत होता?



तिनं औषधाची फाइल उघडली. हिशेब जेमतेम आठ ओळींचा. पाण्याचा वेग घ्यायचा, दर लिटरला किती क्लोरीन हवं त्यानं गुणायचं आणि औषधाच्या तीव्रतेनं भागायचं. औषध जितकं तीव्र, तितकं कमी सोडायचं. ओळी जशा लिहिल्या होत्या तशाच होत्या. तीन वर्षांत त्यांना कुणी हात लावला नव्हता. तिनं त्या मोठ्यानं वाचल्या. बोट ठेवून वाचल्या. सगळं बरोबर होतं.

"विश्वजीत," तिनं शेजारच्या टेबलावर हाक मारली, "मंगळवारी दुपारी जी नवी आवृत्ती पाठवली, तिच्यात काय काय बदललं?"

विश्वजीत दोन वर्षांपासून तिच्या हाताखाली होता. नीटनेटका मुलगा, दर कामाची टिपणं ठेवणारा. "औषधाच्या फाइलीत काहीच नाही, मॅडम. तेरावं गाव जोडायचंय ना, त्याची तयारी फक्त. तिथं ब्लीचिंग पावडर कालवून वापरतात, एक टक्क्याचं पाणी. तो आकडा मी एककांच्या मॉड्यूलमध्ये ठेवला. तो अजून कुठं वापरलेलाही नाही."

मॉड्यूल म्हणजे नावं असलेल्या आकड्यांची आणि कामांची एक बांधलेली पेटी. लिटरचे मिलिलिटर कसे करायचे, तासाची मिनिटं कशी करायची, हे सगळं एककांच्या पेटीत होतं. पेटी बंद असली की आतलं नाव आतच राहतं. पण दर वेळी पेटीचं नाव घेऊन आतली वस्तू मागायचा कंटाळा येतो, म्हणून त्या भाषेत एक सोय आहे. दोन कंसांपुरती पेटी उघडायची. तेवढ्या कंसांत पेटीतलं सगळं हाताशी येतं, कंस संपला की पेटी बंद. प्रेरणाला ही सोय फार आवडायची. तिच्या हिशेबात असा एक कंस होता.

"आकड्याला नाव काय दिलंस?"

"तीव्रता," विश्वजीत म्हणाला. "दुसरं काय देणार?"

प्रेरणा पडद्याकडं वळली. तिनं कंसाच्या आधी एक ओळ घातली: तीव्रता किती, ते छाप. मग तीच ओळ, अक्षर न बदलता, कंसाच्या आत घातली. कुंभारपिंपरीचे आकडे देऊन प्रोग्रॅम चालवला.

पडद्यावर दोन ओळी उमटल्या.

तीव्रता: १०
तीव्रता: १

तिनं पुन्हा चालवला. पुन्हा तेच. एकाखाली एक, दोन ओळी. एकच नाव.

विश्वजीत मागं येऊन उभा राहिला होता. त्यानं त्या ओळी वाचल्या आणि "अरे बाप रे" एवढंच म्हणून तो मटकन खुर्चीवर बसला.

गावाकडून आलेली दहाची तीव्रता कंसाच्या दारापर्यंत येत होती. आत पेटी उघडलेली होती आणि मंगळवारपासून त्या पेटीतही एक तीव्रता होती. आत कुणी ते नाव घेतलं, की जवळची ओ द्यायची, बाहेरची झाकली जायची. भागाकार दहाऐवजी एकानं होत होता. मिनिटाला दहा मिलिलिटर सोडायचे, तिथं पंप शंभर सोडत होता. आठ दिवसांचा ड्रम मंगळवारी रात्रीच कोरडा पडला होता. आणि नोंद मात्र कंसाच्या बाहेरून घेतली जात होती, म्हणून तिथं इमानदारीनं दहा दिसत होते. किती औषध सोडलं, तो आकडा नोंदीत घ्यायचं तिला तीन वर्षांपूर्वी सुचलंच नव्हतं.

"पण चाचणी?" विश्वजीत घोगऱ्या आवाजात म्हणाला. "चाचणी पास झाली होती, मॅडम. मी स्वतः बघितली."

प्रेरणानं चाचणी उघडली. ती तिनंच लिहिली होती. हिशेब तोंडी पडताळता यावा म्हणून तिनं चाचणीत तीव्रता एक घेतली होती. बाहेरही एक, पेटीतही एक. चाचणी पास होणारच.

"आणि इशारा? नाव झाकलं गेलं तर भाषा इशारा देते ना?"

"देते," प्रेरणा म्हणाली. "सांगितलं तर देते."

तिला आठवत होतं. पहिल्याच वर्षी तो इशारा चालू केला तेव्हा दीडशे ठिकाणी पिवळ्या ओळी आल्या होत्या. सगळ्या निरुपद्रवी वाटल्या. वैतागून तिनं तो बंद करून टाकला. त्या ओळीपुढं आजही तिचं नाव आणि तारीख होती.

आता तिनं तो चालू केला. पिवळ्या ओळी धबाधबा खाली उतरायला लागल्या. ती एकेक वाचत गेली. विसावी, तिसावी. एकेचाळिसाव्या ओळीवर ती थांबली. औषधाची फाइल, तिचाच कंस, शब्द तोच. मंगळवारी ही ओळ तिनं पाहिली असती, तर एकतीस माणसं पाचोडच्या दवाखान्यात गेली नसती.

ती बेसिनपाशी गेली. तोंडावर पाणी मारलं, पण ओंजळीतलं पाणी तोंडाजवळ आलं तेव्हा तिला ते पिववेना.

बाराही गावांचे पंप तिनं विश्वजीतला आधी थांबवायला लावले. बाकी अकरा गावांत नवी आवृत्ती अजून गेली नव्हती. ती गुरुवारी जाणार होती. हे आठवून विश्वजीतला रडूच फुटलं. "आकडा मी टाकला, मॅडम."

"तू तुझ्या पेटीत टाकलास. पेटी मी उघडी ठेवली," ती म्हणाली. त्याची समजूत काढायची म्हणून ती हे बोलली नव्हती. तिला तसंच दिसत होतं.

अतुल सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग दार लावून घेतलं.

"दुरुस्त झालं ना? मग झालं. माणसं बरी होतायत. आपण पत्र देऊ की काही तांत्रिक कारणांमुळे वगैरे. ती बाई... तिचं बघू नंतर. दुसरीकडं कुठंतरी लावू तिला."

"सर, गाव म्हणतंय तिनं पाणी बाटवलं."

"गाव काहीही म्हणतं."

"मी लिहून दिलं म्हणून म्हणतंय. माझ्या नावानं."

"प्रेरणा, सात माणसांची घरं चालतात इथं. उद्या बाराही गावं हात वर करतील."

"उद्या सकाळी सभा आहे. मी जातेय. तुम्ही आलात तर बरं. नाही आलात तरी जातेय."

ते आले नाहीत.

गुरुवारी सकाळी ती पाचोडला बसमधून उतरली आणि काळी-पिवळी जीप धरून कुंभारपिंपरीला पोचली. ग्रामपंचायतीपुढं दोनेकशे माणसं बसली होती. भामाबाई एका कडेला, जरा लांबच, जमिनीवर बसल्या होत्या. पदर डोक्यावर, हात मांडीवर. त्यांनी प्रेरणाकडं पाहिलं आणि नजर वळवली.

सरपंच रामकिसन म्हणाले, "या, बसा ताई. तुमच्या निरोपानं लई काम सोपं झालं. आता ठरावच घ्यायचा राहिलाय."

प्रेरणा बसली नाही. घरी जुळवून आणलेली सगळी वाक्यं डोक्यातून पुसली गेली होती.

"तो निरोप खोटा होता," ती म्हणाली.

मागं बसलेली माणसं पुढं सरकली.

"भामाबाईंनी काही केलं नाही. मशीन चुकलं. मशीन म्हणजे मीच. औषध किती सोडायचं ते मी लिहिलंय, आणि मी लिहिलेल्यानं दसपट सोडलं. वर मी नीट न बघता यांच्यावर ढकललं. ड्रमला कुलूप होतं, सरपंच साहेब. किल्ली तुमच्या घरी होती. हे तुम्हालाही माहीत होतं."

रामकिसन शेळक्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांना ते खरंच सुचलं नव्हतं, की सुचूनही ते गप्प बसले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. मागून एक बाई किंचाळून उठली. सलाइन लावलेल्या मुलीची ती आई.

"माझी लेक मेली असती तर? तर काय केलं असतं गं तू?"

त्या बाईला इतर बायकांनी खाली बसवलं. कुणीतरी शिव्या दिल्या, कुणी म्हणालं मशीनच उखडून टाका. प्रेरणा सगळं ऐकत होती. मधेच तिच्या लक्षात आलं, की काल ज्यानं ते वाक्य म्हटलं तोही या गर्दीत असणार आणि आत्ता तो गप्प आहे. कोण तो, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग भामाबाई उठल्या.

"मला सांगा," त्या म्हणाल्या, "झालं कसं?"

प्रेरणानं सांगायचा प्रयत्न केला. एक नाव बाहेर होतं, त्याच नावाचं दुसरं आत आलं.

"म्हंजी एका नावाची दोन माणसं."

"व्हय, मावशी."

"आन हाक मारली की जे जवळ असल त्येनं ओ दिली."

"तसंच झालं."

"मग तुम्ही हाक मारताना आडनाव का लावलं नाय?"

पेटीचं नाव घेऊन वस्तू मागायची, एवढीच तर गोष्ट होती. कंटाळा केला नसता तर.

"आळस केला," प्रेरणा म्हणाली.

भामाबाईंनी मान हलवली, जणू हे उत्तर तेवढं खरं वाटलं. "आणिक एक. औषध दसपट जायलंय, तर मशीन थांबत का नाय? मला नळीत रंग दिसतो, त्येला काय दिसतं?"

"त्याला काहीच दिसत नाही. त्याला डोळा बसवावा लागेल. आणि एक मर्यादा. तिच्यापलीकडं आकडा गेला की पंप बंद."

"आन एक बटन," भामाबाई म्हणाल्या. "माझ्या हाताजवळ. मला वास आला की मी बंद करीन, तुम्हाला इचारायला थांबणार नाय."

"बसवते."

"आता हे जे बोललात ते कागदावर लिवा."

प्रेरणानं ग्रामसेवकाकडून कागद मागून घेतला आणि तिथंच, पायरीवर बसून लिहिलं. या वेळी तिला पाऊण तास लागला. काय चुकलं, कुणाचं चुकलं, तारखेसह. शेवटी भामाबाईंचं पूर्ण नाव घालून, त्यांचा यात काडीचाही दोष नाही, असं. भामाबाईंनी तो कागद मोठ्यानं वाचायला लावला. दोनदा.

सरपंच म्हणाले, "झालं तर मग. भामाबाई, या किल्ल्या घ्या. संध्याकाळी टाकी धुऊन घेऊ."

भामाबाईंनी हात पुढं केला नाही.

"मला काढताना समद्या गावानं ऐकलं," त्या म्हणाल्या. "जे सभेला आले नाय त्येंनी बी ऐकलं. हा कागद पंचायतीच्या फळ्यावर लावा. पंधरा दिस. येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचू द्या. त्येच्या खाली तुमची सही. मग मी येते."

"अन् पंधरा दिवस पाणी कोण सोडणार?"

"तुम्ही सोडा. किल्ल्या तुमच्याकडंच हायत."

एवढं बोलून त्या निघून गेल्या. प्रेरणा त्यांच्या मागं चार पावलं गेली आणि थांबली. माफी मागायची राहिली होती. पण मागितलेली माफी भामाबाईंना हवी आहे का, याची तिला खात्री वाटेना.

पुढं व्हायचं ते झालं. दोन गावांनी कंपनीचं काम काढून घेतलं. अतुल सर महिनाभर प्रेरणाशी कामापुरतंच बोलले, पण तिला काढलं नाही. तिच्या जागी त्या ओळी वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. तिनं आणि विश्वजीतनं सगळ्याच्या सगळ्या पिवळ्या ओळी एकेक करून संपवल्या. कुठंच पेटी उघडी ठेवली नाही. त्यांत आणखी एक जागा तशीच निघाली, पाण्याच्या वेगाची. ती अजून कुणाला बाधली नव्हती.

कुंभारपिंपरीत पंधरा दिवस कागद फळ्यावर होता. पहिल्या दिवशी तो कुणीतरी फाडला. सरपंचांनी झेरॉक्स काढून दुसरा लावला आणि त्याच्याखाली पुन्हा सही केली. पंधरा दिवस रोज पहाटे ते स्वतः टाकीवर चढले, काचेच्या नळीत पाणी घेऊन रंग बघायला शिकले. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रेरणाला फोन करून विचारलं, हे काम ती बाई नऊ वर्षं एकटी करत होती का?

सोळाव्या दिवशी सकाळी सहाला गावात पाणी सुटलं, ते भामाबाईंनी सोडलं.